पायांना मुंग्या, उठताच भोवळ, अर्धवट लघवी: मधुमेहात स्वायत्त नसा बिघडतात तेव्हा काय करावं

मधुमेहाला दहा-पंधरा वर्षं झालेल्या माणसाची फाईल उघडली की बहुतेक वेळा असे कागद निघतात. पायांना मुंग्या आणि आग, म्हणून न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून ईसीजी आणि टू-डी इको, दोन्ही ठीक. दोन घासांत पोट गच्च होतं, म्हणून एंडोस्कोपी, तीही ठीक. लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही, म्हणून प्रोस्टेटची गोळी सुरू. या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच असू शकतं, हे मात्र कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

हा लेख त्यासाठीच आहे. पायांच्या नसांचा त्रास आहे हे ज्यांना कळलंय, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी शरीराच्या आतल्या नसांकडे कसं बघायचं, घरी काय मोजायचं, डॉक्टरांना काय विचारायचं आणि रोजच्या वागण्यात काय बदलायचं, ते इथे क्रमाने मांडलंय. माझा सगळ्यात जास्त भर औषधांच्या एकमेकांशी होणाऱ्या झटापटीवर आहे. मुंग्यांवरची गोळी भोवळ वाढवते, भोवळीवरची गोळी लघवी अडवते, आणि प्रत्येक डॉक्टरसमोर आजाराचा फक्त आपापला तुकडा येतो.

आत नेमकं काय बिघडतं

हातापायांतल्या नसांमध्ये जाड आणि बारीक असे दोन्ही तंतू असतात. जाड तंतू स्नायू हलवतात, पायाखालची जमीन कळवतात. बारीक तंतू वेदना आणि ऊन-थंड ओळखतात. तशाच बारीक तंतूंचं दुसरं जाळं आपल्या इच्छेची वाट न बघता काम करत असतं: उभं राहिल्यावर पायांतल्या रक्तवाहिन्या आवळणं, घाम आणणं, हृदयाचा वेग कमी-जास्त करणं, जठर ढवळणं, मूत्राशय रिकामं करणं. ही स्वायत्त मज्जासंस्था. तिच्या नसा बिघडल्या की डॉक्टर त्याला ऑटोनॉमिक न्यूरोपॅथी म्हणतात.

वर्षानुवर्षं चढी राहिलेली साखर लांब नसांना आधी गाठते. म्हणून मुंग्या पायांच्या बोटांपासून सुरू होतात. व्हेगस ही मेंदूच्या तळापासून निघून छातीतून पोटापर्यंत जाणारी नसही अशीच लांब आहे, आणि हृदयाला संथ ठेवणं हे तिचं एक काम. ती दुबळी झाली की निवांत बसलेल्या माणसाची नाडीसुद्धा ९०-१०० च्या घरात राहते. पुष्कळांमध्ये ही पहिली खूण असते, आणि ‘जरा धडधड आहे, टेन्शन असेल’ म्हणून ती सोडून दिली जाते.

नर्व्ह कंडक्शन ही तपासणी, म्हणजे लोक ज्याला एनसीव्ही म्हणतात ती, फक्त जाड तंतू तपासते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बारीक तंतू शाबूत आहेत असं होत नाही. ‘रिपोर्टमध्ये काही नाही’ हे ऐकून माणूस आपला त्रास मनाचा समजायला लागतो. तसं समजू नका.

मधुमेहच कारण आहे ना, याची खात्री

मधुमेह असला तरी इतर कारणं एकदा तपासून घ्यावीत, कारण त्यांतली काही सहज भरून निघणारी असतात. पहिलं म्हणजे बी१२ जीवनसत्त्व. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि शाकाहारी घरांत ते कमी सापडतं, आणि त्याच्या कमतरतेने मुंग्याही येतात, उभं राहिल्यावर बीपीही पडू शकतं. थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), एचआयव्ही, दारूचा इतिहास, कॅन्सरवर घेतलेली केमोथेरपी हे सगळं डॉक्टरांना सांगा. व्हिन्क्रिस्टीनसारखं औषध पायांच्या नसांबरोबर आतड्यांची हालचालही मंदावतं.

महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात, कुष्ठरोग अजून संपलेला नाही. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, घाम येत नाही आणि जागा कोरडी दिसते, असं काही असेल तर लाजू नका. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं आणि आजार बरा होतो.

दोन्ही मनगटांत कार्पल टनेलचा त्रास (मनगटात नस दाबली जाणं), विनाकारण घटलेलं वजन, जाड झालेल्या हृदयाच्या भिंती आणि पडणारं बीपी एकत्र दिसलं तर अमायलॉइडोसिसची, म्हणजे अवयवांत नको ते प्रथिन साठत जाण्याच्या आजाराची, शंका घ्यावी लागते. त्रास वर्षांऐवजी दिवसांत किंवा आठवड्यांत वाढत गेला, तर न्यूरॉलॉजिस्टला लवकर भेटा.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. खूप चढलेली साखर झपाट्याने खाली आणली, म्हणजे तीन महिन्यांत एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) २ किंवा जास्त अंकांनी उतरलं, तर काहींमध्ये काही आठवड्यांतच पायांची भयंकर आग आणि भोवळ सुरू होते. इन्सुलिन सुरू केल्यावर होणाऱ्या अशा त्रासाची नोंद १९३३ पासून आहे. याचा अर्थ इन्सुलिन वाईट असा नाही. साखर उतरवायचीच, पण ११-१२ वरून ७ वर येताना डॉक्टरांना वेग विचारून घ्या. ‘आता चांगलं कंट्रोल करतोय तर त्रास वाढला’ म्हणून औषध सोडून देणाऱ्यांना हे माहीत असायला हवं. हा त्रास बहुतेकांत काळाने ओसरतो.

पहिलं काम: झोपून आणि उभं राहून बीपी

दवाखान्यात बीपी बसवून मोजतात. त्यामुळे जो बिघाड शोधायचाय तोच निसटतो. घरी दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. मग असं करा.

पाच मिनिटं शांत आडवे पडा. पडल्यापडल्याच बीपी आणि नाडी मोजून लिहा. उठून उभे राहा. शेजारी कुणीतरी असू द्या आणि मागे खुर्ची असू द्या. उभं राहिल्यावर एका मिनिटाने मोजा, पुन्हा तीन मिनिटांनी मोजा. मोजताना हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला हवा, खाली लोंबता नको. फार गरगरलं तर आकड्याचा हट्ट न धरता बसा.

वरचा आकडा २० किंवा जास्त, अथवा खालचा १० किंवा जास्त उतरला, तर तो उभं राहिल्यावर बीपी पडण्याचा आजार. आता नाडी बघा, ती फार बोलकी असते. पाणी कमी पडल्याने किंवा जुलाबाने बीपी पडलं तर हृदय धावून येतं आणि नाडी चांगलीच वाढते. नसाच दुबळ्या असतील तर हृदयाला निरोपच पोचत नाही. समजा आडवं असताना वरचं बीपी १५० आणि नाडी ८४, उभं राहिल्यावर ११५ आणि नाडी ९०. बीपी ३५ ने पडलं, नाडी फक्त ६ ने वाढली. नाडीच्या वाढीला बीपीच्या घटीने भागलं आणि उत्तर ०.५ पेक्षा कमी आलं, तर दोष नसांचा असण्याची शक्यता जास्त. इथे ते ०.१७ आहे. (नाडी संथ करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर हा हिशेब फसतो.)

हे मोजमाप आठवडाभर करा: सकाळी उठल्याउठल्या, दुपारच्या जेवणानंतर तासाभराने आणि रात्री झोपण्याआधी. सकाळी बीपी सगळ्यात जास्त पडतं. जेवणानंतर रक्त आतड्यांकडे जातं, म्हणून तेव्हाही पडतं. जेवून उठताना पडणाऱ्या आजी-आजोबांना ‘अशक्तपणा’ आहे म्हणून आणखी आग्रहाने वाढलं जातं, आणि पुढच्या वेळी ते पुन्हा पडतात.

दुसरं काम: सगळ्या औषधांचा एक कागद

रोजची, अधूनमधूनची, मेडिकलवरून आणलेली, आयुर्वेदिक, डोळ्यांत घालायची, सगळी औषधं एका कागदावर लिहा. पुढे तीन रकाने: उभं राहिल्यावर बीपी, पोट, लघवी. कुठलं औषध कुठे त्रास देऊ शकतं हे डॉक्टरांसोबत भरा. मला ठाऊक असलेल्या नेहमीच्या कुरापतखोर जोड्या अशा आहेत.

अमिट्रिप्टिलीन आणि नॉरट्रिप्टिलीन या पायांच्या आगीवरच्या जुन्या, स्वस्त आणि गुणकारी गोळ्या. पण त्या उभं राहिल्यावरचं बीपी पाडतात, बद्धकोष्ठता वाढवतात, लघवी तुंबवतात आणि नाडी वाढवतात. म्हणजे तिन्ही रकान्यांत फुली. ज्याला ऑटोनॉमिक त्रास आहे त्याच्यासाठी ही पहिली निवड असू नये असं माझं ठाम मत आहे. आगीवरच्याच ड्युलोक्सेटीनने हे दुष्परिणाम तुलनेने कमी होतात, तरी बीपी तपासावं लागतं. त्याच आगीवरच्या प्रीगाबालिन आणि गाबापेन्टिनने गरगरतं, पाय सुजतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी लागते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक जठर आणि आतडी दोन्ही मंदावतं.

प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन, बीपीची प्राझोसिन, लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या, छातीच्या नायट्रेटच्या गोळ्या, ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल, ही सगळी उभं राहिल्यावर बीपी पाडणारी मंडळी. साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं हृदयासाठी आणि मूत्रपिंडासाठी चांगली आहेत, पण शरीरातलं पाणीही थोडं कमी करतात. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामीन लघवी अडवतं. वारंवार लघवी होते म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिन मूत्राशय आधीच भरलेलं असेल तर परिस्थिती बिघडवतात.

यांतली एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. बीटा ब्लॉकर अचानक थांबवणं तर धोक्याचं आहे. कागद घेऊन जायचं आणि ‘यातलं काय कमी करता येईल, काय रात्रीवर ढकलता येईल, काय बदलता येईल’ असा प्रश्न विचारायचा. पुष्कळांची निम्मी भोवळ एवढ्यानेच जाते.

कोणत्या तपासण्या मागाव्यात

टाइप २ मधुमेहात निदान झाल्यापासून आणि टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर दरवर्षी नसांची तपासणी व्हावी, अशी शिफारस अमेरिकन डायबिटीस असोसिएशन करते. पायासाठी १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा धागा) आणि कंपनाची तपासणी असते. हृदयाच्या नसांसाठीच्या तपासण्या एडिंबरामध्ये इविंग आणि क्लार्क यांनी रूढ केल्या. त्या साध्या आहेत: मिनिटाला सहा खोल श्वास घेत ईसीजी, जोर लावून फुंकताना ईसीजी, उभं राहताना नाडी आणि बीपी, मूठ आवळून धरल्यावर बीपी. खोल श्वासात नाडी साधारण १५ किंवा जास्त ठोक्यांनी वर-खाली व्हायला हवी. १० पेक्षा कमी असेल तर बिघाड धरतात, वयानुसार थोडा फरक सोडून. मोठ्या शहरांतल्या मधुमेह केंद्रांत आणि न्यूरॉलॉजी विभागांत हे होतं. तालुक्याच्या ठिकाणी नसेल तर अडून बसू नका. वर सांगितलेलं घरचं मोजमाप आणि बसल्या जागची नाडी यांवरून डॉक्टर बरंच ठरवू शकतात.

लघवीसाठी सोनोग्राफी सांगतील तेव्हा ‘लघवी केल्यानंतर किती उरते तेही मोजा’ असं आवर्जून म्हणा.

बीपी पडू नये म्हणून

इथे गोळ्यांपेक्षा सवयी जास्त काम करतात, म्हणून जरा सविस्तर.

सकाळी डोळे उघडल्यावर लगेच उठायचं नाही. आडवं असतानाच पावलं वर-खाली वीस-तीस वेळा हलवा. मग काठावर पाय सोडून दोन मिनिटं बसा. उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असू द्या. तीन-चार मिनिटांत साधारण अर्धा लिटर पाणी प्या आणि मग उठा. स्वायत्त नसा बिघडलेल्यांमध्ये एकदम प्यायलेलं साधं पाणी बीपी वर नेतं. परिणाम पाच-दहा मिनिटांत सुरू होतो आणि तासभर टिकतो. चहा-कॉफीचे घोट घोट याची जागा घेत नाहीत. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पलंगाचं डोक्याकडचं टोक सहा ते नऊ इंच उंच करा. दोन पायांखाली लाकडी ठोकळे किंवा विटा पक्क्या बसवल्या की झालं. उशा वाढवून चालत नाही, त्याने फक्त मान वाकते. सबंध अंग तिरकं झोपलं की रात्री लघवीवाटे मीठ-पाणी कमी जातं आणि सकाळचं बीपी सावरतं. या आजारात आडवं पडल्यावर बीपी उलट खूप चढतं, १८० सुद्धा होतं, त्यालाही याच तिरक्या पलंगाचा उपयोग होतो. दिवसा डुलकी घ्यायचीच असेल तर आरामखुर्चीत घ्या.

पोटाला बांधायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा सर्जिकलच्या दुकानात मिळतो. उठण्याआधी बांधायचा, झोपताना काढायचा. पायांच्या घट्ट मोज्यांपेक्षा हा सोपा आणि जास्त उपयोगी, कारण उभं राहिल्यावर बरंच रक्त पोटात साठतं. शिवाय बधिर पायांवर घट्ट मोजे चढवताना सुरकुती पडली आणि जखम झाली तर कळणारही नाही.

उभं राहावंच लागतं असे आपले कितीतरी प्रसंग. आरती, दर्शनाची रांग, लग्नातल्या अक्षता. तेव्हा पाय एकावर एक तिढा घालून मांड्या आवळा, ढुंगणाचे स्नायू घट्ट करा, चवड्यांवर वर-खाली व्हा. अंधारी यायला लागली तर लाज न बाळगता उकिडवे बसा किंवा आडवे व्हा. उकिडवं बसून मात्र झटकन उठू नका. भारतीय पद्धतीच्या संडासात नेमकं हेच होतं आणि माणसं तिथेच पडतात. भिंतीला आधाराची दांडी बसवून घ्या किंवा कमोड करून घ्या. पुरुषांनी रात्रीची लघवी बसूनच करावी. दाराला आतून कडी लावू नये.

कडकडीत पाण्याची आंघोळ रक्तवाहिन्या सैल करते. दिवाळीतलं पहाटेचं अभ्यंगस्नान म्हणजे पहाट, रिकामं पोट आणि गरम पाणी यांची गाठ. स्नान सोडायला नको. कोमट पाणी घ्या, स्टुलावर बसा आणि आधी पाणी प्या.

जेवण थोडं थोडं, पाच-सहा वेळा. एका बैठकीत भात-पोळीचा ढीग नको. जेवल्यावर अर्धा-एक तास बसून राहा. मीठ वाढवायचा सल्ला पुस्तकांत सापडतो, पण मधुमेहात हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही आधीच नाजूक असतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते करू नका. दारू वर्ज्य.

एवढ्यावर भागलं नाही तर मिडोड्रिन किंवा फ्लुड्रोकॉर्टिसोन देतात. मिडोड्रिन घेतल्यावर डोक्याची कातडी चुरचुरते, काटा येतो. त्याला घाबरू नका. मात्र शेवटची गोळी झोपण्याच्या किमान चार तास आधी घ्या, आणि लघवी आधीच तुंबत असेल तर सांगा, कारण ते ती आणखी अडवू शकतं. फ्लुड्रोकॉर्टिसोनने पाय सुजतात, पोटॅशियम उतरतं. रक्त तपासत राहावं लागतं.

पोट

जठर मंदावलं की दोन घासांत पोट भरतं, मळमळतं, सकाळी रात्रीचं अन्न उलटून पडतं. साखरही वेडीवाकडी होते: इन्सुलिन वेळेवर काम करतं, अन्न मात्र अजून जठरातच. परिणामी जेवल्यावर साखर खाली जाते आणि तीन-चार तासांनी एकदम चढते. तुमच्या नोंदींत हा नमुना दिसला तर डॉक्टरांना दाखवा; इन्सुलिनची वेळ बदलावी लागते. साखर चढी राहिली तर जठर आणखी मंदावतं, म्हणजे हे चक्र दोन्हीकडून फिरतं.

खाण्यात इथे एक अवघड वळण आहे. मधुमेहाला तंतुमय खा म्हणतात, मंद जठराला मात्र तंतू आणि तूप-तेल दोन्ही जड जातात. त्रासाच्या दिवसांत मऊ भात, मुगाचं वरण, पेज, इडली, साल काढून शिजवलेली दुधी किंवा लाल भोपळा, पातळ ताक. पालेभाजी, कच्च्या कोशिंबिरी, मोड आलेली उसळ, तळण बाजूला ठेवा. संत्र्या-मोसंबीच्या फोडींचा चोथा जठरात गोळा होऊन अडकू शकतो. इसबगोलही इथे त्रास देऊ शकतं. बद्धकोष्ठतेसाठी लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल सोयीचं.

वजन कमी करणारी आणि साखर उतरवणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं जठर मंद करतात, हे आधी बोलून घ्या. मळमळीवर मेटोक्लोप्रामाइड, डोम्पेरिडोन, लेव्होसल्पिराइड सर्रास दिली जातात. मेटोक्लोप्रामाइड १२ आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नये अशी अमेरिकेच्या औषध नियामकाची २००९ पासूनची ताकीद आहे, कारण चेहऱ्याच्या आणि जिभेच्या अनावर हालचाली सुरू होऊ शकतात. लेव्होसल्पिराइडने हात थरथरू लागतात, चाल मंदावते. डोम्पेरिडोनने हृदयाच्या लयीवर परिणाम होतो, म्हणून ईसीजी करून घ्यावा. जुन्या चिठ्ठीवर महिनोन् महिने ही औषधं आणत राहणं थांबवा.

काहींना उलटा त्रास होतो: रात्री-अपरात्री पाण्यासारखे जुलाब. आधी मेटफॉर्मिनकडे बघा. ते कमी केलं किंवा बदललं की पुष्कळदा थांबतात. नाहीतर आतड्यांत वाढलेल्या जंतूंवर प्रतिजैविकं लागतात.

लघवी

मूत्राशय भरल्याची जाणीव हळूहळू कमी होते. माणूस दिवसभरात दोनदाच जातो आणि ते बरं समजतो. आत उरलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि दाब मूत्रपिंडापर्यंत पोचतो. उपाय साधा: लागली असो वा नसो, घड्याळ लावून दर तीन-चार तासांनी जायचं. करून झाल्यावर दोन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. तरीही बरीच उरत असेल तर दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळी घालून लघवी काढायला शिकवतात. ऐकूनच अंगावर काटा येतो, पण शिकलेल्या माणसाला ते काही मिनिटांचं काम असतं आणि मूत्रपिंड वाचतं.

पुरुषांना ताठरता न येणं आणि बायकांना कोरडेपणा हे या आजाराचेच भाग आहेत. याबद्दल दवाखान्यात बोला. पुरुषांमध्ये ही हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायचीही सूचना असते. मित्राने दिलेली गोळी घेऊ नका. नायट्रेट चालू असताना सिल्डेनाफिल जीवघेणं ठरू शकतं.

घाम आणि पाय

पायांना घाम येईनासा होतो, त्वचा कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात. भेगेतून जंतू शिरतात, आणि बधिर पायाला काही कळत नाही. उलट डोकं, मान आणि छातीवर घामाच्या धारा लागतात, कधी जेवताजेवताच. शरीराचा खालचा भाग घाम गाळत नसेल तर उष्णता बाहेर पडायला जागा कमी. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत अशा माणसाला उष्माघात लवकर गाठतो. दुपारी बाहेर पडू नका. पंच्याने अंग ओलं पुसून पंख्याखाली बसा.

रोज रात्री पाय दिव्याखाली बघा, तळ दिसत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना सांगा. धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. तळव्यांना आणि टाचांना व्हॅसलीन किंवा युरियाचं मलम लावा, बेचक्यांत लावू नका. गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका, बादलीतलं पाणी पायाने तपासू नका. नवरात्रातलं अनवाणी व्रत आणि देवळाच्या तापलेल्या फरशीवरची प्रदक्षिणा यांवर मी स्पष्टच सांगते: बधिर पायांच्या माणसाने ते करू नये. देवळात जाड मोजे घाला, उन्हाच्या आधी जा. आई-वडील ऐकत नसतील तर डॉक्टरांच्या तोंडून सांगवा.

साखर उतरलेली न कळणं, आणि हृदय

साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड होते, ती बऱ्याच अंशी याच नसांमुळे. नसा गेल्या की इशारा येत नाही आणि माणूस थेट बरळायला लागतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी गाडी चालवण्याआधी आणि झोपण्याआधी साखर मोजावी, आणि फार खालचं लक्ष्य ठेवायचं का हे डॉक्टरांशी बोलावं. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजणं. जठर मंद असेल तर चढायला वेळ लागतो, म्हणून जवळ बसून राहा. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नका.

हृदयाच्या वेदनाही अशाच दबतात. छातीत न दुखता फक्त धाप, अचानक गळून जाणं, मळमळ, थंड घाम अशा रूपातही हार्ट अटॅक येऊ शकतो. म्हणून जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी हवी. बसून चालवायची सायकल आणि आडवं पडून करायचे व्यायाम सुरक्षित. नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, बोलता येईल इतपतच दम लागू द्या. कुठलंही ऑपरेशन असेल, मोतीबिंदूचं का असेना, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ऑटोनॉमिक त्रासाची कल्पना द्या. त्यांना बीपीसाठी आणि भरलेल्या जठरासाठी वेगळी तयारी करावी लागते.

थांबायचं नाही अशा वेळा

पडून डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. आडवं पडूनही भोवळ जात नाही, किंवा शुद्ध हरपली आणि पटकन परत आली नाही. वर सांगितलेली धाप आणि थंड घाम. सतत उलट्या आणि साखर चढलेली. लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट फुगलेलं, किंवा थंडी वाजून ताप. काही दिवसांत पायांची ताकद जाऊन श्वास जड झालेला. अशा वेळी महाराष्ट्रात १०८ ला फोन करा.

आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल, सुजलेला, पण फारसा दुखत नसलेला दिसला, तर तो पाय लगेच जमिनीवर टेकवणं बंद करा. ही शार्को पायाची सुरुवात असू शकते, ज्यात हाडं आतल्या आत मोडत जातात. पहिल्या एक्स-रेत काही दिसत नाही आणि युरिक अॅसिड किंवा जंतुसंसर्ग म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं जातं. ‘शार्को असेल का, एमआरआय करायचा का’ हे तुम्ही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या पायावर भार देऊ नका.